जुन्या गिऱ्हाइकाची तक्रार

पूर्व लंडनमधल्या इल्फर्ड लेनवर निखाऱ्यांवर भाजलेले कबाब देणारी हॉटेलं बरीच आहेत. एखाद्या ठिकाणी ताटात कोरडं मांस आलं, हाक मारूनही कोणी फिरकलं नाही, तर नवखा माणूस निमूटपणे पुढच्या वेळी शेजारच्या हॉटेलात जातो. वर्षानुवर्षं येणारा मात्र बोलतो. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली हेच मांडलं: नाराज माणसापुढे निघून जाणं आणि बोलून दाखवणं असे दोन मार्ग असतात, आणि निष्ठा त्याला बोलायला लावते. म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकाची तक्रार मालकाने सर्वांत आधी ऐकायला हवी. त्या माणसाला अजून परत यायचं असतं.

कोणी म्हणेल, गर्दीच्या संध्याकाळी वाढणाऱ्यांची दमछाक होते, त्यांना कशाला बोल लावायचा? आक्षेप रास्त आहे. पण त्यातून तक्रार कुणाकडे न्यावी हे ठरतं, करूच नये असं ठरत नाही. रागाच्या भरात बिलातला सर्व्हिस चार्ज काढायला लावणं सोपं असतं. मात्र १ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये ती रक्कम, कर वगळता, पूर्णपणे कामगारांना द्यावी लागते. म्हणजे कमी माणसं नेमायचा निर्णय मालकाचा आणि फटका वेटरला! त्यापेक्षा २०१५ चा ग्राहक हक्क कायदा जवळ करावा. सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने दिली नसेल, तर त्यानुसार किंमत कमी करून मागता येते. तेव्हा मॅनेजरला बोलवावं, काय बिघडलं ते तिथेच, शांतपणे सांगावं आणि सूट जेवणाच्या पैशांत मागावी.