बाँडचा हिशोब

मंचरहून भीमाशंकरला जाताना तळेघर लागतं. आसपासच्या महादेव कोळी गावांना आणि वाड्यांना इथलं प्राथमिक आरोग्य केंद्र हाच आजारपणातला पहिला आधार. भातलावणीच्या दिवसांत साप चावला, बाळंतपण अडलं, की आधी इथे यायचं. इथे भागलं नाही तर घोडेगाव, मग मंचर, आणि शेवटी पुणे. अशा केंद्रात डॉक्टर मिळावा म्हणून सरकार एका कागदावर फार विसंबून असतं. तो कागद म्हणजे बाँड. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांनी 1 वर्ष सरकारी सेवा करायची, नाहीतर 10 लाख भरायचे; पदव्युत्तरांसाठी 50 लाख, अतिविशेषज्ञांसाठी 2 कोटी, अशी महाराष्ट्रातली रचना वर्षानुवर्षं राहिली आहे.

याच डोंगरातली आयटीआय झालेली पोरं चाकण-रांजणगावला कामाला उतरतात, तेव्हा त्यांच्यापुढेही अनेकदा असाच कागद येतो. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर ‘ट्रेनिंग खर्च’ म्हणून ठरावीक रक्कम भरायची. त्यात आकडा असतो, पण हिशोब नसतो. कोणी शिकवलं, किती दिवस, कशावर, याबद्दल एक ओळ नसते. प्रत्यक्षात सुरक्षिततेवर एक भाषण होतं आणि मग जुन्या ऑपरेटरशेजारी उभं राहून पहिल्या आठवड्यापासून उत्पादन काढायचं असतं. त्या मालाचे पैसे कंपनीला मिळालेले असतात. वर मूळ प्रमाणपत्रं एचआरच्या कपाटात.

सोडून जाणाऱ्याकडून शिकवण्याचा खर्च मागता येतो का? माझं उत्तर असं: मागता येतो, पण खरोखर झालेला, आणि ज्याने तो सोसला त्यालाच. न्यायालयांचा कलही यापासून फार लांब नाही. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधल्या निरंजन शंकर गोळीकरींचा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो. टायर कॉर्डचं परदेशी तंत्रज्ञान, ते गुप्त ठेवण्याची हमी, 9 महिन्यांचं प्रशिक्षण आणि 5 वर्षांचा करार. मुदत संपण्याआधीच ते कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या मुदतीपुरती त्यांच्यावरची मनाई कायम ठेवली. तिथे शिकवण्यासारखं काही खरोखर होतं. लेथवर उभं राहायला सांगणं आणि हे एका मापाने मोजता येणार नाही.

14 मे 2025 रोजी विजया बँक विरुद्ध प्रशांत नारनवरे या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 3 वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दलची 2 लाखांची अट वैध ठरवली. आता हा निकाल प्रत्येक एचआरच्या हातात दिसेल. पण तो नीट वाचला पाहिजे. सरकारी बँकेला जाहिरात देऊन, खुल्या स्पर्धेतून माणूस निवडावा लागतो, आणि तो मध्येच गेला की तोच खर्च पुन्हा येतो, हा त्यामागचा एक मुख्य आधार आहे. शिवाय नारनवरे वरिष्ठ अधिकारी होते, त्यांच्या पगाराच्या मानाने ती रक्कम न्यायालयाला जाचक वाटली नाही. गेटवर उभ्या ठेकेदारामार्फत भरलेल्या ट्रेनीला हा तर्क लावायचा कसा? 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 तर स्पष्टच आहे: करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, भरपाई मिळेल ती त्या मर्यादेत आणि वाजवी. सही केली म्हणजे सगळा आकडा देणं लागतो, हा समज मालकाच्या सोयीचा आहे.

मला सर्वांत शहाणी तरतूद 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात दिसते. शिकाऊ उमेदवाराने करार मोडला तर प्रशिक्षणाचा खर्च परत करायचा, पण किती, ते मालक ठरवत नाही; शिकाऊ उमेदवारी सल्लागार ठरवतो. आणि करार मालकाने मोडला तर भरपाई मालकाने द्यायची. देणं दोन्ही बाजूंना आणि आकडा तिसऱ्याच्या हातात. साध्या ट्रेनीला हे संरक्षण का नसावं? वीटभट्टीच्या उचलीत कातकरी कुटुंबांच्या पिढ्या अडकलेल्या या जिल्ह्यांना, देणं दाखवून माणूस बांधून ठेवता येतो हे नव्याने शिकवायची गरज नाही. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने हवं तिथे काम करण्याचं स्वातंत्र्य गमावणं हेदेखील वेठबिगारीच्या व्याख्येत घातलं, ते उगाच नाही.

डॉक्टरांच्या बाँडकडे मात्र मी वेगळ्या नजरेने पाहतो. तिथे खर्च सोसणारी जनता आहे, तळेघरचा भात पिकवणाराही तिच्यात आला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचे असे बाँड ग्राह्य धरले, ते योग्यच झालं. पण 10 लाख भरले की सरकारचं देणं फिटतं, तळेघरचं फिटत नाही. पैसे तिजोरीत जातात आणि केंद्रातली खुर्ची रिकामी राहते. शिवाय ज्याच्या घरी 10 लाख आहेत तो सुटतो, ज्याच्या घरी नाहीत तो डोंगरात येतो. याला परतफेड म्हणणं मला जमत नाही. इथलं नुकसान रुपयांत मोजता येत नसेल, तर सुटकेची किंमतही रुपयांत ठेवू नये. सेवा सक्तीची करायची तर सरकारनेही नेमणूक वेळेवर द्यावी, राहायला धड खोली द्यावी, औषधं आणि परिचारिका द्याव्यात. हे न देता नव्या डॉक्टरला दोष देण्यात अर्थ नाही.

आणि चाकणला निघालेल्या मुलांच्या आईवडिलांना एक विनंती. मुलाला सही करण्याआधी प्रशिक्षणाचा खर्च तपशीलवार लेखी मागायला सांगा. मूळ प्रमाणपत्रं देऊ नका, प्रती द्या. पैसे भरा अशी नोटीस आली तर घाबरून उसनवारी करू नका. तो कागद आधी वकिलाला किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दाखवा.