एकांत आणि एकाधिकार

ज्या वस्तूला मोल नाही ती विकता येत नाही, अशी एक रूढ समजूत आहे. व्यवहाराचा अनुभव निराळा आहे. वस्तू विकता आली नाही, तरी तिच्याजवळ जाण्याची वाट विकता येते, तिच्यासमोर बसण्याची जागा विकता येते आणि त्या जागी दुसरे कोणी येणार नाही याची हमीही विकता येते. सूर्यास्त ही अशीच एक वस्तू. तो कोणाच्या मालकीचा नाही, त्याच्या निर्मितीला कोणाचे श्रम लागत नाहीत आणि एकाने पाहिला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला तो तसूभरही कमी येत नाही. तरीही ग्रीसमधील सान्तोरिनी बेटावर त्याच्याभोवती एक मोठा व्यापार उभा राहिला आहे. या व्यापारात नेमके काय विकले जाते आणि ते विकत घेणे नीतीच्या दृष्टीने कितपत निर्दोष आहे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

दुपार कलली की बेटाच्या दक्षिणेकडील व्लिखादाच्या लहानशा बंदरातून, किंवा उत्तर टोकाला ईया गावाच्या पायथ्याशी असलेल्या अम्मूदीच्या धक्क्यावरून, दुहेरी सांगाड्याच्या नौका निघतात. काही नौकांवर एकमेकांना अनोळखी असलेल्या प्रवाशांचा जथा असतो. काही नौका एखाद्या कुटुंबाने किंवा जोडप्याने केवळ आपल्यासाठी भाड्याने घेतलेल्या असतात. या दुसऱ्या प्रकारच्या सहलीचा दर कितीतरी पटींनी अधिक असतो. मार्ग मात्र बहुतेक एकच: तांबड्या कड्याखालचा किनारा, पालेआ कामेनी या ज्वालामुखीच्या बेटाशेजारचे लोहद्रव्याने गढूळलेले कोमट पाणी, डेकवरच शिजवलेले जेवण, स्थानिक आसिर्तिको द्राक्षांची पांढरी वाइन, आणि अखेरीस ईयाच्या समोरच्या पाण्यात संथ होऊन सूर्य बुडण्याची वाट पाहणे. सूर्यही दोघांचा एकच. मग दरातला जो फरक आहे तो कशाचा? तो माणसांच्या अनुपस्थितीचा आहे. खाजगी नौकेवरचा प्रवासी सूर्यास्त विकत घेत नाही. सूर्यास्ताच्या वेळी इतरांचे नसणे विकत घेतो.

ते नसणे इतके महाग का झाले, हे समजण्यासाठी बेटाचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. प्रवाशांना मोहवणारे सान्तोरिनीचे रूप एका विध्वंसातून घडले आहे. इसवी सनापूर्वी सतराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास झालेल्या प्रचंड उद्रेकात बेटाचा मध्यभाग कोसळला, समुद्र आत शिरला आणि उंच कड्यांनी वेढलेले ते जलकुंड आजच्या रूपात सिद्ध झाले. त्या राखेखाली गाडले गेलेले अक्रोतिरी येथील नगर स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ पासून उत्खनन करून उजेडात आणले. पुढे ९ जुलै १९५६ रोजी झालेल्या भूकंपाची आठवण तर अजून पुसलेली नाही. त्या भूकंपात ईयाची घरे ढासळली आणि अनेक कुटुंबे गाव सोडून गेली. या गावात पूर्वी जहाजांचे कप्तान वरच्या बाजूला प्रशस्त घरांत राहत आणि साधे खलाशी कड्यात कोरलेल्या गुहांसारख्या घरांत संसार मांडत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रीक पर्यटन खात्याने ही ओस पडलेली घरे दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडली. दारिद्र्यामुळे ज्यांना कडा खोदून राहावे लागले, त्यांचीच घरे आज सर्वांत महागड्या निवासांत मोडतात. २०२१ च्या जनगणनेनुसार बेटाची वस्ती सुमारे साडेपंधरा हजार आहे. २०२३ या एका वर्षात तीस लाखांच्या वर प्रवासी तेथे येऊन गेल्याचे सांगितले जाते. ईयाच्या पडक्या किल्ल्यापाशी संध्याकाळी उभे राहायला जागा मिळत नाही. अशा ठिकाणी एकांत दुर्मीळ होतो, आणि दुर्मीळ झालेल्या वस्तूला बाजारात भाव येतो.

फ्रेड हर्ष या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ‘सोशल लिमिट्स टू ग्रोथ’ या ग्रंथात अशा वस्तूंचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिला होता. धान्य किंवा कापड यांचे उत्पादन वाढवून ते सर्वांना पुरवता येते. परंतु काही सुखे अशी असतात की ती मोजक्यांनाच मिळतात म्हणूनच सुखे ठरतात. निर्जन किनारा सर्वांना वाटून दिला, की तो निर्जन राहत नाही. खाजगी नौकेवरचा सूर्यास्त या वर्गात चपखल बसतो. येथवर विश्लेषण अर्थशास्त्राचे झाले. नीतीचा प्रश्न यापुढे सुरू होतो.

पहिला आक्षेप न्यायाचा आहे. जे सर्वांचे आहे ते एकाने पैशाच्या बळावर बळकावू नये, असा हा आक्षेप. त्याला प्राचीन आधार आहे. इ. स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याअनुषंगाने समुद्रकिनारा ही निसर्गतःच सर्व मानवांची सामाईक ठेव मानली आहे. ग्रीसच्या आजच्या दिवाणी कायद्यातही समुद्रकिनारा सार्वजनिक उपयोगाच्या वस्तूंमध्ये मोडतो. २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरील नागरिक याच तत्त्वाच्या आधारे रस्त्यावर आले. उपाहारगृहांनी भाड्याच्या खुर्च्या आणि छत्र्या मांडून वाळूचा इंच न् इंच व्यापला होता आणि गावकऱ्यांना स्वतःचा पंचा अंथरायला जागा उरली नव्हती. २०२४ मध्ये ग्रीक सरकारने किनाऱ्यांच्या वापरासंबंधी अधिक कडक कायदा केला.

परंतु पारोसचा न्याय सान्तोरिनीच्या नौकेला जसाच्या तसा लावता येईल काय? वाळूवरची खुर्ची दुसऱ्याची जागा हिरावून घेते. समुद्रातली नौका तसे काही करत नाही. उलट कड्यावरच्या गर्दीतून दोन माणसे कमीच करते. ईयाच्या भिंतीवर बसलेल्या प्रवाशाच्या दृश्यातून तिने काही चोरलेले नाही. त्याच्या छायाचित्रात दूरवर एक पांढरे शीड आले, तर त्याला ते आवडण्याचाच संभव अधिक. तेव्हा केवळ श्रीमंतीवरचा राग हा न्यायाचा आक्षेप ठरू शकत नाही. मोल देऊन निवांतपणा मिळवणारा माणूस तेवढ्याने अपराधी होत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो नौकेवरच उभा आहे. खाजगी म्हटलेल्या या नौकेवर प्रवासी एकटा कधीच नसतो. कप्तान असतो, दोर ओढणारा खलाशी असतो, जेवण रांधून वाढणारा कोणीतरी असतो. ‘फक्त आपण दोघे’ असे जोडपे म्हणते, तेव्हा ही माणसे हिशेबात धरलेली नसतात. विकत घेतलेल्या एकांताची पहिली अट हीच, की तो निर्माण करणारी माणसे अदृश्य व्हावीत. अक्रोतिरीच्या एका घरात नौकांच्या ताफ्याचे भित्तिचित्र सापडले. आज ते अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्यात छताखाली निवांत बसलेले प्रवासी आहेत आणि वाकून वल्ही मारणाऱ्यांच्या रांगा आहेत. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ही विभागणी आजच्या नौकेवर फारशी बदललेली नाही.

‘ओडिसी’ महाकाव्याच्या बाराव्या सर्गात हीच विभागणी एका कथेच्या रूपाने येते. ओडिसिअस आपल्या खलाशांच्या कानांत मेण घालतो आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेऊन सायरनांचे गीत ऐकतो. होर्कहायमर आणि अडॉर्नो या जर्मन तत्त्वज्ञांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात या प्रसंगाचा अर्थ लावला आहे. त्यांच्या मते धनी सौंदर्याचा आस्वाद घेतो, पण त्या आस्वादातून कृती निपजू नये म्हणून जखडलेला असतो. श्रमिक वल्ही मारतो, पण त्याच्यापर्यंत सौंदर्य पोहोचत नाही. कलास्वाद आणि श्रम यांची फारकत ती येथे झाली. सान्तोरिनीचा खलाशी मात्र या अर्थाला एक दुरुस्ती सुचवतो. त्याच्या डोळ्यांवर कोणी पट्टी बांधलेली नाही. उन्हाळाभर रोज संध्याकाळी तो हा सूर्यास्त पाहतो. प्रवाशाच्या वाट्याला एकच येतो. वारा कुठून फिरला, उद्या क्षितिजावर धुके असेल की नाही, हे तो त्याच रंगांवरून ओळखतो. त्याचे पाहणे कामाशी जोडलेले आहे, म्हणून ते खालच्या प्रतीचे मानण्याचे कारण नाही. अन्याय असेल तर तो याच्यात आहे, की प्रवाशाच्या दृष्टीने तो केवळ वाढपी आहे, सहद्रष्टा नाही.

येथून प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या प्रदेशात शिरतो. कांटने १७९० च्या ‘निर्णयशक्तीच्या मीमांसे’त सौंदर्याच्या आनंदाविषयी दोन गोष्टी सांगितल्या. मराठी वाचकाला त्या रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथामुळे परिचित आहेत. हा आनंद हितसंबंधविरहित असतो, ही पहिली गोष्ट; आणि ‘हे सुंदर आहे’ असे म्हणणारा माणूस केवळ स्वतःपुरते बोलत नसून सर्वांच्या संमतीची अपेक्षा बाळगत असतो, ही दुसरी. खाजगी सूर्यास्त या दोन्ही ठिकाणी अडचणीत येतो. ज्याने एका संध्याकाळसाठी मोठी रक्कम मोजली आहे, त्याचा क्षितिजाशी हितसंबंध जडलेला असतो. ढग आले तर सामान्य माणूस ढग पाहतो. या प्रवाशाला करार मोडल्यासारखे वाटते. सूर्याने त्याला काही कबूल केले नव्हते, हे त्याच्या लक्षात राहत नाही. वास्तविक क्षितिजाला टेकलेले जे बिंब तो पाहतो, तेही वातावरणातील प्रकाशाच्या वक्रीभवनाने वर उचललेले असते. भूमितीच्या हिशेबाने सूर्य तेव्हा क्षितिजाखाली गेलेला असतो. ज्याच्यासाठी पैसे मोजले, ते त्या जागी नसतेच.

दुसरी अडचण याहून मोठी. सौंदर्याचा निर्णय स्वभावतःच इतरांना आवाहन करतो. सुंदर काही दिसले की माणूस शेजारच्याचा हात धरून ‘बघ’ म्हणतो. ईयाच्या कड्यावर सूर्य बुडाल्यावर गर्दी टाळ्या वाजवते. सुसंस्कृत प्रवासी या टाळ्यांना हसतो, कारण निसर्ग काही रंगमंचावरचा नट नव्हे. तरीही त्या टाळ्यांत, ओबडधोबडपणे का होईना, कांटला अभिप्रेत असलेली संमती उमटते: वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसे एका क्षणी एकाच गोष्टीला ‘होय’ म्हणतात. अर्थात गर्दी म्हणजे समुदाय नव्हे. कोपर मारून पुढे घुसणाऱ्या आणि पडद्यातूनच सूर्य पाहणाऱ्या माणसांचा घोळका या संमतीपासून तितकाच दूर असू शकतो. इतरांचे असणे पुरेसे नाही. इतरांना आपल्या आनंदाचे भागीदार मानणे आवश्यक आहे.

मग एकांताचे काय? भारतीय परंपरेने एकांताला साधनेचे स्थान दिले आहे. संध्याकाळच्या संधिप्रकाशात नदीकाठी एकटा बसलेला उपासक हे तिचे परिचित चित्र आहे. त्या उपासकावर कोणी समाजविन्मुखतेचा आरोप करणार नाही. कारण एकांत आणि एकाधिकार या दोन भिन्न वृत्ती आहेत. एकांत स्वतःचे काही सोडून मिळतो: बोलणे, मिरवणे, हवेसे वाटणे. एकाधिकार दुसऱ्याला वगळून मिळतो. एकांतात बसलेल्या माणसाशेजारी कोणी येऊन निःशब्द बसले, तर त्याचे काही हरपत नाही. एकाधिकाराचा आनंद मात्र दुसरे शीड दिसताच उणावतो. त्यागातून भोग हा ईशावास्योपनिषदाचा विचार येथे उपदेश म्हणून नव्हे, तर अनुभवाचे अचूक वर्णन म्हणून वाचता येतो: मालकीची भावना सुटल्याशिवाय काही वस्तू भोगताच येत नाहीत.

खाजगी नौकेवरच्या प्रवाशाची कसोटी यावरून ठरवता येईल. सूर्यास्ताच्या वेळी ईयासमोर तशा अनेक नौका जमलेल्या असतात. प्रत्येकीवर कोणी ना कोणी स्वतःचा एकांत घेऊन आलेले असते आणि प्रत्येकजण दुसऱ्या नौका चौकटीत येणार नाहीत असे छायाचित्र घेण्यासाठी धडपडत असतो. ज्याला त्या शिडांकडे पाहून वैताग येतो, त्याने एकाधिकार विकत घेतला होता, आणि तो त्याला मिळालेला नाही. ज्याला ती शिडे सोबत वाटतात, जो सुकाणूवरच्या माणसाला ‘आजचा कसा वाटला?’ असे विचारू शकतो आणि त्याचे उत्तर ऐकण्यासाठी थांबतो, त्याला मोजलेल्या पैशांपलीकडचे काही मिळून जाते. नौका तीच, दर तोच. फरक दृष्टीचा आहे.

परंतु सारा प्रश्न दृष्टीवर सोडून देणेही सोयीचे ठरेल. त्या बेटावर शिकवणाऱ्या शिक्षकाला आणि वाढणाऱ्या वेटरला हंगामात राहायला परवडणारी खोली मिळणे कठीण होते, ही गोष्ट कोणाच्या निर्मळ अंतःकरणाने बदलत नाही. १ जुलै २०२५ पासून ग्रीसने मोठ्या पर्यटन जहाजांतून येणाऱ्या प्रवाशांवर कर बसवला. सान्तोरिनीसाठी ऐन हंगामात तो माणशी २० युरो आहे. सामाईक ठेवीचा उपभोग घेणाऱ्याने तिच्या रक्षणाचा भार उचलावा, हे तत्त्व योग्यच आहे. मात्र कर भरला की ऋण फिटले, असे मानणे ही पुन्हा तीच खरेदीदाराची वृत्ती होय.

२०२५ च्या फेब्रुवारीत सान्तोरिनीच्या परिसरात भूकंपांचे धक्के दिवसेंदिवस बसत राहिले आणि अकरा हजारांहून अधिक माणसे बेट सोडून गेली. हंगाम तसाही नव्हता. आता गल्ल्याही ओस पडल्या. ज्या निर्जनतेसाठी उन्हाळ्यात एवढे मोल मोजले जाते, ती त्या दिवसांत तेथे विनामूल्य उपलब्ध होती आणि कोणालाही नको होती. जे थोडे लोक मागे राहिले त्यांना गेलेल्या शेजाऱ्यांची वाट पाहायची होती. इतरांचे नसणे हे सुख केव्हा ठरते? ती माणसे जवळपास सुखरूप आहेत आणि परत येणार आहेत, याची खात्री असते तेव्हाच. एकांताचे खरे मोल हे असे माणसांकडूनच येते, आणि ते कोणत्याही नौकेच्या भाड्यात धरलेले नसते.