सरमेचा प्रश्न



आजचं वाचन महाभारताच्या आदिपर्वातलं, पौष्यपर्वाची अगदी सुरुवात. गोष्ट छोटी आहे. जनमेजय कुरुक्षेत्रावर सत्र करतोय. सोबत त्याचे तीन भाऊ आहेत, श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन (हा पांडवांतला भीम नव्हे). तिथे कुत्र्याचं एक पिलू येतं आणि हे भाऊ त्याला मारतात. पिलू रडत आईकडे जातं. आई म्हणजे सरमा, देवांची कुत्री. ती आधी पिलालाच म्हणते, तूच काहीतरी आगळीक केली असशील. ते सांगतं, मी हवीला तोंड लावलं नाही, तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मग सरमा थेट सत्राच्या जागी जाते आणि विचारते, याला का मारलं? कोणीच उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते, की तुझ्यावर अदृष्ट भय येईल.

इतकी वर्षं मी हा भाग भराभर वाचून पुढे जायचो. 'अदृष्ट' म्हणजे दैव, एवढाच अर्थ डोक्यात होता. यंदा तसं झालं नाही.

आषाढात खामगाव रोडला एका बंद टपरीखाली एक पिलू भिजत पडलेलं सापडलं. घरी आणलं, आईनं नाव ठेवलं मोती. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांसमोर कापसाचा बोळा खाली सोडला, कापूस पडताना आवाज होत नाही म्हणून. मोतीनं मान हलवली नाही. लहानपणीच्या संसर्गानं दोन्ही बुबुळांवर पांढरट पडदा आलाय. उजव्या डोळ्याला उजेड-अंधार कळतो, डाव्याला तेवढंही नाही. तसं कुत्र्याचं प्रत्येक पिलू डोळे मिटूनच जन्मतं, ते उघडायला दोनेक आठवडे लागतात, तोवर नाकावरच चालतं. मोतीचं पुढेही नाकावरच चालू राहिलं. आठ दिवसांत त्याला पाण्याचं भांडं, अंगणातली तुळस, आईची खाट सगळं पाठ झालं.

मग महालक्ष्म्या आल्या. जेवणाचा दिवस, घरभर पाहुणे, देवघरासमोर नैवेद्याचं ताट. घरातल्या सगळ्या वस्तू जागच्या हललेल्या, आणि पुरणाचा वास. मोती वासावर आला, पाटाला अडखळला, ताट उलटलं. (सरमेच्या पिलानं काही चाटलं नव्हतं. आमच्या मोतीनं तुपाची वाटी चाटली, हे कबूल करतो.) मी उठलो आणि त्याला मारलं. एकदाच, पण जोरात.

डोळस कुत्रा उगारलेला हात पाहतो. दबतो, पळतो, निदान अंग चोरतो. मोती शेपटी हलवत उभा होता. त्याच्या दृष्टीनं तो मार कुठूनच आला नाही, नुसता आला. सरमेनं राजाला जो शाप दिला तो मी घरातल्या पिलाला देऊन बसलो.

गीतेतला पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक, पंडितात, गाईत, हत्तीत, कुत्र्यात सारखंच पाहणाऱ्यांचा, त्यावर मी इथे दोनदा लिहिलंय. दुसऱ्यांदा तर त्याच आठवड्यात.

आई सोवळ्यात होती. कुत्रं देवघराकडे येऊ नये म्हणून सगळ्यात जास्त ओरडणारी तीच. मला वाटलं, आता त्याला बोलेल. ती म्हणाली, "काहून मारलं रे त्याले? त्याले दिसते का?" पाहुण्यांसमोर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एकजण म्हणाले, आंधळं कुत्रं कुठवर सांभाळणार, सोडून ये. त्यांचं म्हणणं अगदी चूक होतं असं नाही. महाप्रस्थानिकपर्वात इंद्र युधिष्ठिराला हेच सांगतो, रथ तयार आहे, कुत्र्याला सोड. यात निर्दयपणा नाही, असंही तो पटवून देतो. युधिष्ठिर नाही म्हणतो. प्रवचनात आपण लगेच पुढे जातो, की तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता. पण नाही म्हणताना युधिष्ठिराला ते कुठे माहीत होतं? त्याच्यापुढे नुसतं सोबत चालत आलेलं एक कुत्रं होतं.

मोती दोन दिवस खाटेखालून निघाला नाही. मायेनं हात पुढे केला तरी जागीच लघवी करायचा. जनमेजय शाप ऐकून घाबरला आणि शांती करण्यासाठी पुरोहित शोधत निघाला. पिलाचं पुढे काय झालं, हे त्या भागात येत नाही. मला मात्र पिलाकडेच जावं लागणार होतं. आता मी आधी नाव घेतो, मग हात जमिनीलगत ठेवतो, त्याला हुंगू देतो, आणि नंतरच खांद्याला लावतो, डोक्यावरून कधीच नाही. देवघराच्या उंबऱ्याआधी गोणपाट टाकलंय, पायाला खरखरीत लागलं की त्याला कळतं. खुर्ची सरकवली तर परत जागेवर ठेवतो. मी चालताना आवाज होत नाही, म्हणून किल्लीला घुंगरू बांधलंय. आईच्या बांगड्या आधीपासूनच वाजतात, तिला वेगळं काही करावं लागलं नाही.

आज सकाळी आरतीला मोती गोणपाटावर येऊन थांबला. मी नाव घेतलं, हात खाली ठेवला. त्यानं हुंगला, चाटलाही. हात खांद्याला लागला तेव्हा पाठ मात्र अजूनही जराशी खाली गेली.

उद्या याच पर्वातला उत्तंक घेऊ.