घर कोणी सोडावे?

नवरा मारतो ही गोष्ट चार लोकांच्या कानी गेली, म्हणजे पहिला उपदेश होतो तो त्या बाईसच: “काही दिवस माहेरी जाऊन राहा.” उपदेश करणारांचा हेतू वाईट असतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु परिणाम काय होतो? मार खाणारी मुलाबाळांसह दाराबाहेर, आणि मारणारा घरात स्वस्थ! अपराध एकाचा व वनवास दुसऱ्यास, हा कोठला न्याय?

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट दिले आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा सन २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. घराच्या कागदावर नाव नसले तरी पत्नीस सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, असे त्याचे १७ वे कलम सांगते. १९ व्या कलमान्वये, हिंसाचार घडल्याची खात्री पटल्यास दंडाधिकारी त्या पुरुषासच घर सोडण्याचा हुकूम देऊ शकतात. घर सासऱ्यांच्या नावे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. मात्र घर सोडण्याचा हा हुकूम घरातील कोणाही स्त्रीविरुद्ध, म्हणजे सासूविरुद्धही, देता येत नाही. पीडितेस तेथे राहणेच नको असेल, तर दुसऱ्या तशाच घराची सोय करण्यास वा भाडे देण्यास पतीस फर्माविता येते.

अर्ज तिने स्वतः किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करावा. पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आत असावी, असा दंडक आहे. प्रसंग निकडीचा असल्यास प्रतिपक्षास ऐकण्यापूर्वीही अंतरिम हुकूम मिळू शकतो. पुन्हा हिंसाचार करू नये, या संरक्षण आदेशाचा भंग करणारास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

कोणी म्हणतील, अशाने संसार मोडतील. आम्हांस तसे वाटत नाही. हा हुकूम म्हणजे घटस्फोट नव्हे. परिस्थिती पालटल्यास दंडाधिकारी तो बदलू अथवा रद्द करू शकतात. संसार मोडतो तो हात उगारला जातो तेव्हा. हुकूम येतो तो त्यानंतर. मुलांची शाळा, अंथरूण, देव्हारा जेथल्या तेथे ठेवून केवळ भय घराबाहेर काढणे, यास घर मोडणे म्हणावे की घर राखणे?

सहनशीलता हा सद्गुण खरा. पण तो ज्याने त्याने स्वतःपुरता आचरावा, दुसऱ्याच्या पाठीवर लादू नये. म्हणून आमची सभासद कुटुंबांस विनंती आहे, की अशी भगिनी दारी आली तर “माहेरी जा” म्हणण्यापूर्वी तिची इच्छा विचारावी. महिलांसाठी असलेला १८१ हा दूरध्वनी क्रमांक तिला द्यावा, आणि ती म्हणेल तर संरक्षण अधिकाऱ्याच्या कचेरीपर्यंत सोबत जावे. मारणारा आपला आप्त असला, तरीही.