गेलेल्यांचं काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०११ रोजी जगातली दोन टक्के माणसं, म्हणजे सुमारे १४ कोटी, एकाच क्षणी नाहीशी होतात. स्फोट नाही, परग्रहवासी नाहीत. एचबीओच्या ‘द लेफ्टओव्हर्स’मधली विज्ञानकथा एवढीच. २०१४ ते २०१७ या काळात मालिकेचे तीन सीझन आणि २८ भाग झाले, पण माणसं का गेली हे काही सांगितलं गेलं नाही. निर्माते डेमन लिंडेलॉफ आणि टॉम पेरोटा (मूळ कादंबरी पेरोटांचीच) यांना ते सांगायचंच नव्हतं. लिंडेलॉफ हे ‘लॉस्ट’वाले. २०१० साली ती मालिका संपली तेव्हा कोडी न सुटलेल्या प्रेक्षकांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. एवढं तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. यांनी पुन्हा दूधच तोंडाला लावलं.

नारळीकरांच्या कथा वाचत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला हे खटकणारच. तिथे गूढ कितीही दाटलं तरी शेवटी विज्ञान येऊन गाठ सोडवतं, आणि खरी मजा त्या सुटण्यात असते. इथे गाठ तशीच राहते. तरीही ही मालिका जीव गुंतवते, आणि मला वाटतं, कारण न सांगितल्यामुळेच गुंतवते. घरातलं माणूस जातं तेव्हा आपल्या हाती काहीतरी दिलं जातं: हृदयविकार, अपघात, मृत्यूचा दाखला, दहाव्याची तारीख. ‘कसं झालं?’ या प्रश्नाला उत्तर असलं की ‘का झालं?’ हा प्रश्न निदान चारचौघांत तरी झाकता येतो. लिंडेलॉफ ते झाकणच काढून घेतात. या अशक्य घटनेचं कामच ते.

नोरा डर्स्टचं उदाहरण घ्या. सकाळची घाई, टेबलावर सांडलेला ज्यूस, मुलांवर खेकसून ती पाठ वळवते. वळून पाहते तर नवरा आणि दोन्ही मुलं नाहीत. तीन वर्षांनंतरही ती मुलांचा खाऊ आणते, जुना टाकून नवा भरते. नोकरी कसली, तर ज्यांची माणसं नाहीशी झाली त्यांना सरकारी प्रश्नावलीतले प्रश्न विचारायची. या जगात हरवलेल्यांचे हुबेहूब पुतळे बनवणारी एक कंपनीही आहे, पुरायला काहीतरी हवं म्हणून. हे विचित्र वाटतं, पण आपल्याकडेही देह सापडला नाही तर पालाशविधी करतात. पळसाच्या काड्यांची प्रतिकृती रचून तिला अग्नी देतात. फरक असा की पहिल्या सीझनच्या शेवटी नोराच्या स्वयंपाकघरात कुणीतरी तेच पुतळे आणून बसवतं, त्याच टेबलाभोवती, त्याच जागांवर. सांत्वनासाठी घडवलेली वस्तू इतक्या क्रूरपणे वापरलेली मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिलेली नाही.

हा पहिला सीझन जरा जडच आहे, हे कबूल करायला हवं. पांढऱ्या कपड्यांतले, सतत सिगारेट ओढणारे मुके लोक बघून अनेकांनी तिथेच राम म्हटला असेल. दुसऱ्यात मालिका मोकळी होते, जवळजवळ वेडी होते. पोलिसप्रमुख केव्हिन मरतो आणि एका हॉटेलच्या खोलीत जागा होतो. कपाटातून कपडे निवडतो, आणि निवडलेल्या सुटामुळे मारेकरी ठरतो. त्याला मारायचं असतं पॅटीला, त्या पांढऱ्या कपड्यांतल्यांच्या म्होरकीला, जी मेल्यानंतरही त्याच्या डोक्यात ठाण मांडून बसलेली आहे. शेवटी प्रकरण विहिरीपर्यंत येतं आणि पॅटी सांगू लागते: नवऱ्याला सोडता यावं म्हणून ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजुषेत पैसे जिंकले, आणि तरी सोडलं नाही. इतक्या चमत्कारिक वाटेने आपण येऊन पोचतो एका भेदरलेल्या बाईच्या साध्या कबुलीपाशी. ती सरळ दिवाणखान्यात बसून हे बोलली असती तर आपण मान डोलावून पुढे गेलो असतो.

म्हणूनच शेवटच्या भागाचं धाडस मला अधिक वाटतं. म्हातारपणाकडे झुकलेली नोरा केव्हिनला सांगते, की एका यंत्राने ती पलीकडच्या जगात गेली, जिथे उरलेल्यांच्या लेखी आपण ९८ टक्के लोकच नाहीसे झालो होतो. घरच्यांना सुखात पाहिलं, आणि न बोलता परतली. हे खरं की बनवलेलं, यावर चाहते अजून भांडतात. मला विचाराल तर ती बनवते आहे. पण मेलेल्यांचं हॉटेल बिनदिक्कत दाखवणारी ही मालिका इथे पलीकडचं जग एक क्षणही दाखवत नाही. फक्त नोरा झालेल्या कॅरी कूनचा चेहरा, आणि समोर ऐकून घेणारा, विश्वास ठेवायचं ठरवलेला एक माणूस.