दप्तर उघडल्यानंतर

एप्रिल २०२५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या घोटी गावात एका शाळेने मुलांची दप्तरं तपासली. वह्या-पुस्तकांबरोबर त्यांत चाकू, लोखंडी फायटर आणि सायकलच्या चेनही निघाल्या. बातमी राज्यभर गेली आणि दोन दिवस सगळीकडे त्याचीच चर्चा झाली. शाळेला मुलांच्या दप्तरात हात घालण्याचा अधिकार आहे का, यावर बरंच बोलणं झालं. दप्तर उघडल्यावर समोर मान खाली घालून उभ्या असलेल्या मुलाचं पुढे काय करायचं, यावर मात्र फारसं कोणी बोललं नाही. खरा नियम तिथून पुढे लागतो.

हत्यार कशाला म्हणायचं, इथपासूनच अडचण आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रांतून वगळतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू शस्त्र ठरतो, तोही घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामाचा नसेल तर. म्हणजे सहा इंचांचा, खिशात मावणारा आणि जीव घ्यायला पुरेसा असलेला चाकू या यादीच्या बाहेर राहतो. उलट शाळेच्या मैदानावर फेकला जाणारा भाला त्याच यादीत नावानिशी आहे. हा कायदा शाळेसाठी लिहिलेलाच नाही, त्यामुळे त्याच्याकडून शाळेचं उत्तर मिळण्याची अपेक्षा करणं चूक आहे.

भंडारा जिल्ह्यात ही अडचण जास्त जाणवते. हा धानाचा जिल्हा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी सुरू झाली की घरातला प्रत्येक हात बांधावर लागतो आणि विळा ही रोजची वस्तू होते. साकोली, लाखांदूरकडे जंगलात जाणाऱ्याच्या खांद्यावर कुऱ्हाड असते, घरोघरी भाजी पावशीवर चिरली जाते. शालेय पोषण आहार शिजतो त्या खोलीतही धारदार पातं असतंच. ‘कोणतीही धारदार वस्तू शाळेत आणू नये’ असं एक वाक्य फळ्यावर लिहून टाकलं, तर कंपासपेटीतलं कर्कटकही त्यात बसतं आणि कापणीवरून थेट शाळेत आलेल्या मुलाच्या पिशवीतला विळाही. याच जिल्ह्याने २००६ मध्ये खैरलांजीचं हत्याकांड पाहिलं आहे. एका कुटुंबातल्या चौघांचा जीव घेणाऱ्या जमावाच्या हातात काठ्या होत्या, सायकलच्या चेन होत्या. साध्या वस्तूचं हत्यार कशाने होतं, हे भंडाऱ्याला कुठल्या यादीतून शिकण्याची गरज नाही.

डोळे मिटून राबवलेल्या नियमाचं काय होतं, ते अमेरिकेने अनुभवलं. १९९४ च्या संघराज्य कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष शाळेबाहेर काढणं बंधनकारक केलं. बंदुकीपुरतं ते समजण्यासारखं होतं. पण अनेक शाळांनी तोच कडकपणा लहानसहान वस्तूंपर्यंत ताणला. २००९ मध्ये डेलावेअर राज्यात पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने डबा खायला काटा, चमचा आणि सुरी एकत्र असलेलं स्काउटचं साधन आणलं, म्हणून त्याला ४५ दिवस बिघडलेल्या मुलांच्या शाळेत धाडण्याचा हुकूम निघाला. गदारोळ झाला आणि नियम सैल करावा लागला. अशा सरसकट कडकपणामुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळत नाही, असं तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या कार्यगटाने आदल्याच वर्षी नोंदवलं होतं.

म्हणून नियमच नको, असं नाही. १६ ऑगस्ट २०२४ रोजी उदयपूरच्या सरकारी शाळेतल्या दहावीच्या मुलाला वर्गमित्राने भोसकलं. तीन दिवसांनी तो गेला. पुढच्या वर्षी, १९ ऑगस्टला, अहमदाबादमध्ये शाळेबाहेर एका दहावीतल्या मुलावर धाकट्या इयत्तेतल्या मुलाने वार केला, त्यातही मृत्यू झाला. राजस्थानच्या शिक्षण विभागाने धारदार वस्तूंवर बंदी आणि दप्तर तपासणीचा आदेश काढला, तो उदयपूरच्या घटनेनंतर. दरम्यान तिथल्या प्रशासनाने आरोपी मुलाचं कुटुंब भाड्याने राहत होतं ते घर पाडून टाकलं होतं. मुलाच्या गुन्ह्यासाठी घरमालकाच्या भिंती पाडणं हा न्याय नव्हे, आणि त्याने कुठलीही शाळा सुरक्षित होत नाही.

मूल चाकू का आणतं? कधी मिरवायला, कधी सूड घ्यायला आणि पुष्कळदा भीतीपोटी. वाटेत अडवणारी, पैसे काढून घेणारी, जातीवरून हिणवणारी मोठी मुलं असतात, सांगावं तर ऐकणारं कोणी नसतं. तिघांच्या दप्तरात एकच वस्तू सापडेल, पण तिघांना एकच शिक्षा देणारी शाळा तिसऱ्या मुलावर दुसऱ्यांदा अन्याय करते. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचा आग्रह धरला. त्या निर्णयाचा रोख मोठ्यांकडून होणाऱ्या अत्याचारावर होता आणि तो योग्यच होता. पण एका मुलाला दुसऱ्या मुलाची वाटणारी भीतीही त्याच पेटीत पडली पाहिजे, आणि पेटी वेळच्या वेळी उघडली गेली पाहिजे.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही. नववी-दहावीच्या मुलाला मात्र हे संरक्षण नाही, आणि धोक्याचं वय तेच. मोहाडी किंवा पवनीच्या एखाद्या खेड्यातल्या मुलाच्या हातात नववीत दाखला ठेवला, तर तो दुसऱ्या शाळेत जाईलच याची खात्री कोण देणार? चाकू त्याच्याकडे राहतो, फक्त त्याच्यावर लक्ष ठेवणारे शिक्षक जातात.

मग नियम कसा असावा? जूनमध्ये शाळा उघडतानाच तो पालकांसमोर वाचून दाखवावा. शेतीचं अवजार बरोबर असेल, तर ते कार्यालयात ठेवून सुटीनंतर परत न्यावं, त्यात लाज वाटण्याजोगं काही नाही. कोणी स्वतःहून चाकू आणून दिला, तर शिक्षा नाही, फक्त विचारपूस. तपासणी करायचीच तर वर्गासमोर नको, साक्षीदार हवा, मुलींची तपासणी शिक्षिकेनेच करावी, आणि ती ठरावीक वस्तीतल्या मुलांचीच होत असेल तर ती थांबवावी. पालकांना त्याच दिवशी बोलवावं. वार झाला किंवा खरी धमकी असेल, तर पोलिसांना कळवण्यात हयगय नको. मात्र बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अतिगंभीर गुन्हा नसेल आणि मोठी माणसं सामील नसतील, तर मुलावर एफआयआर नोंदवायचा नसतो, हे ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला आणि मुख्याध्यापकाला दोघांनाही माहीत असायला हवं.

यातल्या बहुतेक गोष्टींना मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचं कारण नाही. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. भंडाऱ्यातल्या पालकांनी यंदा धान कापणीआधीच्या बैठकीत हा विषय मांडावा, नियम लिहून घ्यावा आणि त्याची प्रत मागून घ्यावी.