घट्ट आणि ताणलेलं

शुक्रवार पेठेतल्या एका दुकानात चादर बघत होतो. दुकानदारानं घडी मोडली, चादर दारातल्या उजेडासमोर धरली आणि म्हणाला, "येतोय का उजेड आरपार? एकदम टाइट वीण आहे." सकाळीच रिक्षावाला म्हणाला होता, "धंदा टाइट चाललाय, साहेब." शब्द तोच, एकाच्या तोंडी अभिमान, दुसऱ्याच्या तोंडी काळजी.

इंग्रजीतल्या या शब्दाचं मूळ प्राचीन नॉर्स भाषेत आहे. तिथं त्याचा अर्थ दाट, पाणी न झिरपणारा. जर्मन 'डिख्ट' त्याच कुळातला. ओढण्या-ताणण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. नावेच्या फळ्या एकमेकींना इतक्या भिडलेल्या, की थेंबही आत येऊ नये, असा तो भाव. ताणलेपणाचा अर्थ पुढं 16व्या शतकाच्या सुमारास चिकटला. ताणाचं घराणंच निराळं: लॅटिन 'टेन्डेरे', त्यातून टेन्शन, आणि आपल्याकडे संस्कृत 'तन्', तंतू, ताण. उठता-बसता आपण ज्याचं नाव घेतो ते टेन्शन आपल्या ताणाचं दूरचं भाऊबंद आहे.

मराठीनं ही दोन घराणी कधी एक केली नाहीत. दही घट्ट, गाठ घट्ट, मैत्री घट्ट. 'दोघांचे संबंध घट्ट आहेत' आणि 'दोघांचे संबंध ताणलेत' या वाक्यांचे अर्थ तर अगदी उलटे! सोलापुरात कन्नड किंवा तेलुगू बोलणारा शेजारी 'गट्टि' म्हणतो, तेव्हा त्यालाही पक्कं, भरीव असंच म्हणायचं असतं. 'टाइट' मात्र दोन्ही अर्थ गिळून बसतो. हा शब्द सरसकट वापरून आपण एक बारीक जाण गमावतो आहोत, असं मला मनापासून वाटतं.

ती जाण मागावर डोळ्यांना दिसते. उभा ताणा ताणून धरावाच लागतो. ढिला पडला तर धागे गुंततात, फार ओढला तर तुटतात. पण वीण घट्ट होते ती फणीच्या ठोक्यानं. बाण्याचा प्रत्येक धागा आधीच्या धाग्याला नेऊन भिडवला जातो, पुन्हा पुन्हा, दिवसभर. कापड मागावरून उतरलं की ताण सुटतो, घट्टपणा तेवढा राहतो.

त्या दिवशी घेतलेली चादर आता धुऊन धुऊन मऊ पडली आहे. खिडकीशी धरली, तर उजेड अजून आरपार येत नाही.